शब्दांची रांग: इंग्रजी सरावाचा एक खेळ

वारली किंवा भिली घरात आणि मराठी शाळेत बोलणाऱ्या मुलांना इंग्रजी ही तिसरी भाषा. आठवी-नववीतही ती बोलायला कचरतात.

वसतिगृहाला भेट द्याल तेव्हा हा खेळ घ्या. तीन कार्डांवर इंग्रजी अक्षरांत ‘आय’, ‘ईट’, ‘राइस’ लिहून तीन मुलांच्या हाती द्या. ‘मी भात खातो’ यात क्रियापद शेवटी. तसे त्यांना उभे करा. इंग्रजीत ते मधे येते, म्हणून ‘ईट’ला मधे आणा. सर्वांनी वाक्य मोठ्याने म्हणावे. मग ‘राइस’च्या जागी ‘फिश’ घ्या.

चुकल्यास हसू नका. बरोबर वाक्य तुम्ही एकदा म्हणा. एकदा हसे झाले की मूल पुन्हा तोंड उघडत नाही.