घराण्याची कथा आणि दप्तराची साक्ष

वंशावळ ही एकेकाळी राजेरजवाड्यांची आणि जमीनदारांची मिरास मानली जात असे. इंग्लंडमध्ये १५३० पासून १६८८ पर्यंत 'हेरल्ड' नावाचे राजाचे अधिकारी निरनिराळ्या काउंट्यांतून फिरत, कुलचिन्ह मिरविणाऱ्या घराण्यांचा त्यावरील हक्क तपासत आणि त्यांच्या वंशावळी टिपून ठेवीत. विणकर, शेतमजूर, खाणकामगार यांच्या दारी जाण्याचे त्यांना काही कारण नव्हते.

विसाव्या शतकात हे चित्र पालटले. १९११ मध्ये लंडन येथे 'सोसायटी ऑफ जिनिऑलॉजिस्ट्स' ही संस्था स्थापन झाली. १९६३ मध्ये बर्मिंगहॅम आणि मिडलंड परिसरासाठी स्वतंत्र मंडळ निघाले. पुढे ठिकठिकाणी अशी स्थानिक मंडळे उभी राहिली आणि १९७४ मध्ये त्यांचा महासंघ अस्तित्वात आला. या मंडळांचे बहुतेक सभासद व्यवसायाने इतिहासकार नसतात. आपल्या आजोबा-पणजोबांविषयी कुतूहल असलेली ती सामान्य माणसे असतात. त्यांच्या सभांतून आणि कार्यशाळांतून शिकविल्या जाणाऱ्या शिस्तीचे सार एका प्रश्नात सांगता येईल. तो प्रश्न म्हणजे 'हे कशावरून?'

मासिक सभा

सभा बहुधा महिन्यातून एकदा, संध्याकाळी, चर्चच्या सभागृहात किंवा गावच्या ग्रंथालयात भरते. पूर्वार्धात एखाद्या जाणकाराचे व्याख्यान होते. विषय कधी मृत्युपत्रांचा असतो, कधी सैन्याच्या हजेरीपटांचा, तर कधी कालव्यांवरील नावाड्यांच्या जीवनाचा. चहापानानंतर परस्पर साहाय्याचे काम सुरू होते. प्रत्येक सभासदाने आपण शोधीत असलेली आडनावे, त्यांची गावे आणि कालखंड मंडळाकडे नोंदविलेला असतो. ही यादी मंडळाच्या नियतकालिकात छापली जाते आणि एकाच घराण्याच्या दोन शाखांचा शोध घेणारे अनोळखी लोक तिच्यामुळे एकत्र येतात. दूर राहणाऱ्या सभासदासाठी स्थानिक सभासद दप्तरखान्यात जाऊन नोंद पाहून देतो. त्याच्या उपकाराची फेड दुसऱ्याच कोणासाठी तरी केली जाते.

या बैठकीचा आणखी एक उपयोग आहे. एकट्याने आखलेला वंशवृक्ष टेबलावर पसरला की दहा डोळे तो पाहतात. एखादी स्त्री आईच्या जन्मापूर्वीच जन्मलेली दिसते, एखादा पुरुष मृत्यूनंतर विवाह करतो! घरच्या अभिमानामुळे ज्या चुका स्वतःला दिसत नाहीत, त्या परक्याच्या नजरेस चटकन पडतात.

पहिला धडा

कार्यशाळेत नवशिक्याला पहिला नियम सांगितला जातो, तो ज्ञाताकडून अज्ञाताकडे जाण्याचा. प्रसिद्ध पुरुषापासून खाली उतरत आपल्यापर्यंत येण्याचा मोह टाळून स्वतःपासून एकेक पिढी मागे जावयाचे असते. प्रथम घरातील वडीलधाऱ्या मंडळींच्या आठवणी लिहून घ्याव्यात आणि मग प्रत्येक विधानासाठी दाखला शोधावा. १ जुलै १८३७ पासून इंग्लंड व वेल्समध्ये जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंद सुरू झाली. जन्माच्या दाखल्यात आईचे माहेरचे आडनाव असते आणि विवाहाच्या दाखल्यात वधूवरांच्या वडिलांचे नाव व व्यवसाय. या दोन दाखल्यांच्या आधारे पायरीपायरीने मागे जाता येते. विवाहाच्या नोंदीत मातांची नावे येण्यास मात्र २०२१ साल उजाडावे लागले.

शिक्षक पुष्कळदा एखादे काल्पनिक उदाहरण फळ्यावर मांडतात. १८५१ च्या जनगणनेत ४२ वर्षांचा एक विणकर सापडतो. त्याचे जन्मगावही तेथे दिलेले असते. म्हणजे त्याचा जन्म १८०८-०९ च्या सुमारास झालेला असावा. त्या गावच्या चर्चच्या नोंदवहीत त्याच नावाच्या दोन मुलांचे बाप्तिस्मे आढळतात. वडील मात्र भिन्न. घाईचा शोधक आपल्याला आवडेल तो बाप निवडून मोकळा होतो. सावध शोधक दफनांची नोंद उघडतो. तेथे १८११ मध्ये त्यांपैकी एक मुलगा दगावल्याची नोंद असेल, तर एक उमेदवार बाद होतो. तरीही शेजारच्या गावांच्या वह्या आणि अन्य पंथांच्या प्रार्थनागृहांच्या नोंदी पाहिल्यावाचून निष्कर्ष पक्का मानला जात नाही.

नोंदींचे गुणदोष

प्रत्येक दप्तराचा स्वभाव वेगळा असतो आणि तो ओळखणे हा कार्यशाळेतील पुढचा धडा होय. पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या ग्रामविभागाच्या, नोंदवह्या ठेवण्याची आज्ञा १५३८ मध्ये निघाली. तथापि आरंभीच्या अनेक वह्या नष्ट झाल्या आहेत. १८१३ पासून छापील नमुने आल्यावर बाप्तिस्म्याच्या नोंदीत वडिलांचा व्यवसाय नियमितपणे लिहिला जाऊ लागला. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे जुन्या वहीतील फेब्रुवारी १७०० हा आजच्या गणनेने फेब्रुवारी १७०१ ठरतो. १८४१ च्या जनगणनेत १५ वर्षांवरील व्यक्तींचे वय सामान्यतः पाचाच्या पटीत खाली आणून लिहिले गेले. तेव्हा तेथील '३५' म्हणजे ३५ ते ३९ यांपैकी कोणतेही वय असू शकते.

अक्षर हा वेगळाच अडथळा. सोळाव्या-सतराव्या शतकांतील 'सेक्रेटरी' वळणाची लिपी आजच्या इंग्रजी वाचकाला तितकीच अनोळखी वाटते, जितकी मोडी आजच्या मराठी वाचकाला. शिवाय १७३३ पर्यंत न्यायालयीन दप्तराची भाषा प्रायः लॅटिन होती. म्हणून अशा कागदांच्या प्रती वाटून अक्षरे लावण्याचा सराव सामुदायिकपणे केला जातो.

या कागदांतून जे बाहेर येते ते नेहमीच सुखद नसते. उमराव घराण्याशी नाते सांगणाऱ्या कुटुंबाचा मूळपुरुष अनाथालयात वाढलेला निघतो. १६६२ च्या कायद्यानुसार निर्धनांना त्यांच्या मूळ पॅरिशमध्ये परत धाडले जाई. त्यांच्या जबान्या, हद्दपारीचे हुकूम, अविवाहित मातांच्या मुलांच्या पोषणाचे करारनामे हे सारे पॅरिशच्या पेटीत जपले गेले. ज्यांना कोणी आपले म्हणत नव्हते अशा माणसांचा जीवनक्रम कित्येकदा याच कागदांत सर्वांत तपशीलाने सापडतो. तो झाकून ठेवणारा वंशशोधक त्या माणसांना दुसऱ्यांदा हद्दपार करतो.

दगडावरील अक्षरे

उन्हाळ्यात कार्यशाळा दफनभूमीत भरते. वारा-पावसाने थडग्यांवरील लेख झिजतात आणि कित्येक आवारे साफ करताना शिळा हलविल्या जातात. म्हणून सभासद जोडीजोडीने लेख उतरवून घेतात. एकजण वाचतो, दुसरा लिहितो, आणि मग तिसरा मूळ दगडाशी ताडून पाहतो. शिळा खरवडण्यास सक्त मनाई असते. न वाचता आलेले अक्षर अंदाजाने भरावयाचे नाही, जागा रिकामी ठेवावयाची, असाही दंडक असतो. या कामाचा भारताशीही संबंध आहे. दक्षिण आशियातील युरोपीय दफनभूमींच्या नोंदी व जतन यांसाठी १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये एक संस्था स्थापन झाली, आणि ब्रिटिश अमदानीतील भारतात राहिलेल्या कुटुंबांच्या शोधासाठी १९९८ मध्ये दुसरी.

सामुदायिक श्रमांचे सर्वांत मोठे फळ म्हणजे १८८१ च्या जनगणनेची सूची. त्या वेळी इंग्लंड व वेल्सची लोकसंख्या सुमारे २ कोटी ६० लाख होती. मंडळांच्या स्वयंसेवकांनी अमेरिकेतील यूटा येथील वंशशोध संस्थेच्या सहकार्याने ही सारी नावे हाताने उतरविली. प्रत्येक भागाची नक्कल दोन व्यक्तींनी स्वतंत्रपणे करावी आणि मग दोन्ही ताडून पाहाव्यात, अशी पद्धत होती. १९९९ मध्ये ही सूची सीडीच्या रूपाने सर्वांना उपलब्ध झाली.

भारतीय वाचकाला या संदर्भात तीर्थोपाध्यायांच्या वह्या आठवतील. हरिद्वार, गया, त्र्यंबकेश्वर अशा क्षेत्री येणारा यात्रेकरू पूर्वजांची नावे वाचून घेतो आणि नव्या पिढीची नावे सांगतो. महाराष्ट्रातील अनेक घराण्यांनी आपले कुलवृत्तांतही प्रसिद्ध केले आहेत. ही साधने मोलाची आहेत. पण यात्रेला जाण्याची ऐपत नसलेल्यांची नावे तेथे सापडत नाहीत आणि स्त्रियांची नावे बहुधा विरळ असतात. नोंद कोणाच्या वहीतील, कोणत्या साली केलेली आणि कोणी सांगितलेली, हे टिपून ठेवण्याची शिस्त येथेही तितकीच आवश्यक आहे.

इंग्लंड व वेल्समधील १९२१ ची जनगणना शंभर वर्षांच्या गोपनीयतेनंतर जानेवारी २०२२ मध्ये खुली झाली आणि आता ती घरबसल्या पाहता येते. संगणकामुळे नाव शोधणे सोपे झाले, तसे परक्याचा पूर्वज आपल्या वंशवृक्षाला चिकटविणेही सोपे झाले. सूची ही मूळ नोंदीकडे नेणारी वाट आहे. मूळ नोंद उघडून पाहण्याचे कष्ट अद्याप माणसालाच घ्यावे लागतात. 'हे कशावरून?' असे विचारणारे चार जाणते सोबती त्यासाठी आजही लागतातच.