रक्तगटाची तपासणी : हाताने आणि यंत्राने

आपल्या ओळखपत्रावर रक्तगट लिहिलेला असतो. तरीही रक्त चढवायची वेळ आली की रुग्णालय तो पुन्हा तपासते. असे का?

रक्तगटांचा शोध कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये जगापुढे मांडला. तत्त्व सोपे आहे. लाल पेशींवर 'ए' किंवा 'बी' प्रतिजन असतात. जो प्रतिजन पेशींवर नसतो, त्याच्या विरुद्ध प्रतिपिंड रक्तद्रवात असतात. प्रतिजन व त्याचाच प्रतिपिंड एकत्र आले की पेशी एकमेकींना चिकटून पुंजके बनतात.

काचपट्टीवर रक्ताच्या थेंबांत निळे अँटी-ए, पिवळे अँटी-बी व रंगहीन अँटी-डी मिसळून पाहतात. शिबिरात ही पद्धत सोयीची असते; पण तिच्यात फक्त पेशी तपासल्या जातात, सौम्य पुंजके नजरेतून सुटतात आणि सुकलेला थेंबही फसवतो. म्हणून रक्तपेढीत परीक्षानळीत दुहेरी तपासणी करतात. एकीकडे रुग्णाच्या पेशी, दुसरीकडे त्याचा रक्तद्रव. दोन्ही उत्तरे जुळलीच पाहिजेत.

स्वयंचलित यंत्रही हेच करते. ते नळीवरचा बारकोड वाचते, मोजून थेंब टाकते आणि नमुने वेगाने फिरवते. अनेक यंत्रांत जेल भरलेली कार्डे असतात. पुंजके जेलच्या वर अडकतात, सुट्या पेशी तळाशी जातात. यंत्र त्याचे छायाचित्र घेऊन निकाल थेट संगणकात नोंदवते. शेकडो नमुने तपासतानाही ते थकत नाही आणि हाताने लिहिताना होणारी चूक टळते. मात्र ते महाग असते व त्याची नियमित देखभाल लागते. शिवाय प्रतिक्रिया सौम्य असली किंवा दोन उत्तरे जुळली नाहीत, तर यंत्र थांबते आणि काम अनुभवी तंत्रज्ञाच्या हाती येते.

याचे एक उदाहरण मुंबईचे आहे. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी 'बॉम्बे' रक्तगटाची माहिती प्रसिद्ध केली. नुसत्या पेशी तपासल्या तर हा गट 'ओ' वाटतो. पण त्याचा रक्तद्रव 'ओ' पेशींचेही पुंजके करतो, म्हणून अशा रुग्णाला 'ओ' रक्त देणे जिवावर बेतू शकते. तपासणीत 'ओ' पेशी घेतल्या तरच हा गट सापडतो, मग ती हाताने होवो की यंत्राने.

एक चूक मात्र कोणतेच यंत्र पकडू शकत नाही. खाटेजवळ नळीवर दुसऱ्याच रुग्णाचे नाव लागले, तर यंत्र रक्ताचा गट बरोबर सांगेल, पण माणूस चुकीचा असेल. म्हणून पालकांना विनंती, परिचारिकेने पुन्हा नाव विचारले किंवा दुसऱ्यांदा नमुना घेतला, तर रागावू नका. आणि शाळेच्या अर्जात रक्तगट अंदाजाने न लिहिता प्रयोगशाळेचा अहवाल पाहूनच लिहा. अहवाल नसेल तर 'माहीत नाही' लिहिणेच योग्य.

स्वाध्याय : 'ए' गटाच्या व्यक्तीच्या रक्तद्रवात कोणता प्रतिपिंड असतो? काचपट्टीवरील तपासणी रक्त चढवण्यासाठी पुरेशी का नाही?