मोठ्या माशाचा मोह

अगं, निखिलने तळ्यातून हातभर लांब वॉलाय मासा धरून आणला आणि तू कालवणाला कोकमं भिजत घातलीस, हे फोनवर किती खुशीत सांगत होतीस! तेव्हा बोलले नाही. पण चौथा महिना आहे तुला, म्हणून आता बोलतेच.

मासे सोडू नकोस. बाळाच्या मेंदूला त्यातलं तेल हवंच. फक्त कुठल्या माशात पारा जास्त, ते बघ.

पाण्यात पारा असतो नावापुरता. तळाच्या गाळात, जिथे प्राणवायू नसतो, तिथले जिवाणू त्याचा मिथाइल पारा करतात. तो शेवाळात शिरतो, शेवाळ खाणाऱ्या किड्यांत जातो, तिथून चिमुकल्या माशांत आणि त्यांना गिळणाऱ्या वॉलाय, पाइकमध्ये. शरीरातून तो फार सावकाश निघतो आणि खाण्यातून रोज भर पडतच असते. म्हणून म्हाताऱ्या शिकारी माशात तो पाण्याच्या लाखो पट भरतो. तू म्हणशील, ताई, मी नीट साफ करते. शिसं हाडांत आणि कॅडमियम मूत्रपिंडात, यकृतात साठतं. तिथे डोकं नि पोटातलं टाकल्याचा उपयोग होतो. पारा मात्र मांसातल्या प्रथिनांनाच चिकटलेला असतो. तळ, उकळ, काही कर, तो तिथेच.

तुमच्याच ऑन्टारियोत ड्रायडनच्या कागद गिरणीच्या रासायनिक कारखान्याने १९६२ ते १९७० या काळात वॅबिगून नदीत सुमारे ९ टन पारा सोडला. नदीच्या खालच्या अंगाला ग्रासी नॅरोजचे ओजिब्वे लोक. वॉलाय हेच त्यांचं जेवण आणि हीच कमाई. १९७० मध्ये तिथली व्यावसायिक मासेमारी बंद झाली. हातापायांना कंप, नजर आकसणं हे पाऱ्याचं दुखणं मात्र घरोघर राहिलं. आजही तिथल्या माशांत पारा सापडतो. मला याचा फार संताप येतो. पारा सोडला दुसऱ्यांनी आणि पथ्य आलं त्यांच्या वाट्याला!

तुझ्यापाशी निवड आहे, ती वापर. प्रांताच्या सरकारची मासे खाण्याविषयीची माहिती नेटवर आहे. तलाव, माशाची जात आणि लांबी बघून महिन्याला किती वेळा खावा ते त्यात सांगितलंय. मूल होण्याच्या वयातल्या बायका आणि लहान मुलांसाठी आकडे वेगळे. निखिलला सांग, सुरी लावण्याआधी टेप लावायचा. एकाच जातीत मासा जितका लांब, तितका पारा बहुधा जास्त. व्हाइटफिश, छोटे पर्च त्या मानाने बरे.

आणि एकदा खाल्लास म्हणून घाबरू नकोस. अंगातला निम्मा पारा साधारण दोनेक महिन्यांत निघून जातो. मोठा वॉलाय तेवढा बाळ अंगावर पितंय तोवर लांबच ठेव.