बुडत्या जहाजाचे तेल कोणी निस्तरावे?

प्रश्न : जहाजातून समुद्रात तेल सांडल्यास ते निस्तरणे सरकारचे काम की खासगी कंपन्यांचे? — एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : 7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबई बंदराबाहेर 'एमएससी चित्रा' व 'खलिजिया-3' या जहाजांची टक्कर होऊन सुमारे 800 टन तेल समुद्रात पसरले, आणि कीटकनाशकांचेही काही कंटेनर असलेले 'चित्रा' एका कुशीवर कलंडले, तेव्हा तेलाच्या बंदोबस्ताची मोहीम तटरक्षक दलाने चालविली, परंतु उरलेले तेल उपसण्याचे जोखमीचे काम 'स्मिट' या जहाजतारण कंपनीकडे गेले. अशा कंपन्यांजवळ ओढनौका, पाणबुडे आणि तेल अडविणारे तरंगते अडसर सदैव सज्ज असावे लागतात, व त्यांचा खर्च सामान्यतः जहाजमालक आणि त्याचा विमा यांच्या शिरावर पडतो. पूर्वी मात्र 'तारण नाही तर मोबदला नाही' हाच दंडक असल्याने, ज्या जहाजाची किंमत संपली त्याच्या तेलापासून किनारा वाचविण्यास कोणी धजत नसे. हा मला घोर अन्याय वाटतो. 1989 च्या आंतरराष्ट्रीय करारान्वये, जहाज हातचे गेले तरी पर्यावरणरक्षणार्थ केलेल्या खर्चाची भरपाई तारणकर्त्यास मिळण्याची तजवीज झाली.