रंगांचा शेजार

पुष्कळ विद्यार्थ्यांची अशी समजूत असते कीं, पेटींत रंग जितके अधिक, तितकें चित्र चांगलें वठतें. आणि मोठी पेटी मिळाली नाहीं म्हणून कित्येक जण चित्रकलेचा नाद सोडून देतात. ही समजूत निराधार आहे, हें दाखविण्याचा या लेखांत आमचा हेतु आहे.

चित्रकार तांबडा, पिवळा व निळा हे तीन रंग मूळचे मानितात. तांबडा व पिवळा मिळून नारिंगी, पिवळा व निळा मिळून हिरवा, आणि निळा व तांबडा मिळून जांभळा होतो. हे सहा रंग एका वर्तुळावर क्रमानें मांडिले असतां तांबड्यासमोर हिरवा, पिवळ्यासमोर जांभळा व निळ्यासमोर नारिंगी येतो. अशा जोड्यांस परस्परपूरक रंग म्हणतात. हे एकमेकांत कालविले तर दोघांचेंही तेज मावळून मळकट रंग उरतो. शेजारीं शेजारीं ठेविले तर एक दुसऱ्यास उजळवितो. हिरव्या पानांत पिकलेली तांबडी मिरची दुरून डोळ्यांत भरते, ती यामुळेंच.

रंगाचें रूप शेजारावर किती अवलंबून असतें, हें घरींही पाहतां येईल. करड्या कागदाचे दोन सारखे तुकडे कापून एक काळ्या व दुसरा पांढऱ्या कागदावर ठेवावा. काळ्यावरील तुकडा फिकट आणि पांढऱ्यावरील गडद दिसेल. पॅरिस शहरीं गोबलँ या नांवाचा चित्रपट विणण्याचा प्रसिद्ध कारखाना आहे. तेथें काळा रंग फिका पडतो अशी एकदां तक्रार निघाली. रंगशाळेचे प्रमुख शेव्ह्रल हे रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनीं शोध केला, तों रंगांत कांहीं दोष नाहीं. शेजारच्या धाग्यांच्या रंगांमुळें काळा निस्तेज भासतो, असें ठरलें. हे विचार त्यांनीं १८३९ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले.

ग्रंथ लिहिला जाण्यापूर्वीं कित्येक शतकें कारागिरांचे डोळे हा नियम ओळखीत होते. त्याची साक्ष महाराष्ट्रांतच, अजिंठ्याच्या लेण्यांत मिळते. तेथील पुष्कळ चित्रें इसवी सनाच्या पांचव्या शतकांतील आहेत. खडकावर कोंडा व वनस्पतींचे तंतु मिसळलेल्या मातीचा गिलावा करून त्यावर चुन्याचा पातळ हात देत, आणि तो सुकल्यावर चिकट द्रव्यांत कालविलेले रंग भरीत. हे रंग तरी कोणते? गेरू, पिवळी माती, हिरवट माती, काजळी आणि पांढरा. निळा मात्र लाजवर्द नांवाच्या दगडाचा. हा दगड अफगाणिस्तानांतून येई. एवढ्याच सामग्रीवर राजवाडे, अरण्यें, हत्ती व माणसें उभीं राहिलीं. पहिल्या लेण्यांत हातीं कमळ घेतलेला पद्मपाणि पाहावा. त्याची उजळ कांति गडद पार्श्वभूमीमुळेंच इतकी मृदु प्रकाशते. मागचा रंग उजळ असता, तर हाच देह फिका पडला असता.

म्हणून आमच्या विद्यार्थिमित्रांस आमची सूचना अशी कीं, गेरू, काजळी व पांढरा खडू एवढींच साधनें घेऊन एखाद्या मातीच्या घागरीचें चित्र खाकी कागदावर काढावें. उजेड कोठें पडतो, छाया कोठें दाटते, आणि कोणत्या रंगाशेजारीं कोणता शोभतो, हें आधीं पाहावें. मग हात चालवावा. पालकांसही विनंति आहे कीं, चित्रकलेचा तास म्हणजे अभ्यासाची हानि असें त्यांनीं मानूं नये. ज्या मुलास दोन रंगांतील सूक्ष्म भेद दिसूं लागतो, तो पान, फूल, नकाशा आणि माणसाचा चेहराही अधिक लक्षपूर्वक पाहूं लागतो. ही दृष्टि कोणत्याही दुकानीं विकत मिळत नाहीं; ती रोजच्या सरावानेंच येते.