सरकत्या दरवाजाचे चाक

रत्नागिरीस वर्षाकाठी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, हवाही खारी. त्यामुळे शाळेचा लोखंडी सरकता दरवाजा काही वर्षांतच मुलांस जड वाटू लागतो. वास्तविक दरवाजाचे वजन वाढलेले नसते. वाढते ते घर्षण. चाकाचा आस गंजला म्हणजे चाक फिरत नाही, रुळावरून नुसते फरफटत जाते. आणि फिरत्या चाकापेक्षा घासत जाणाऱ्या चाकाचे घर्षण कितीतरी अधिक असते.

शिक्षकांनी चाकावर खडूने रेघ ओढून दरवाजा स्वतः सावकाश लोटावा. दरवाजा सरकूनही रेघ फिरली नाही, तर चाक अडकले आहे हे मुलांस प्रत्यक्ष दिसेल. वंगण आसास द्यावे, रुळास नव्हे. तेलकट रुळावर जांभ्याची माती चिकटून बसते व काम उलट वाढते. रुळातील खडे रोज झाडावेत. आस झिजला असल्यास छर्‍यांचे चाक बसविणे बरे.

प्रयोगापूर्वी रुळाच्या दोन्ही टोकांचा अटकाव व दरवाजाचा वरचा आधार तपासावा. यांपैकी एकही निखळलेला असल्यास दरवाजा रुळावरून उतरून अंगावर कोसळतो. तोवर मुलांस त्यास हात लावू देऊ नये.