दया आणि मैत्री

उन्हाळ्याच्या सुट्टीतील शिबिरात पायाने अधू असलेल्या मुलाकडे पुष्कळदा गुण मांडण्याचे काम सोपविले जाते. मोठ्यांना ती दया वाटते. मुलाच्या दृष्टीने मात्र ते खेळाबाहेर बसणेच असते. मैत्री बरोबरीने खेळल्यानेच जडते आणि त्यासाठी कधी कधी खेळच थोडा बदलावा लागतो.

अंधांच्या क्रिकेटचे उदाहरण पाहा. त्यातील प्लॅस्टिकच्या चेंडूत छर्रे असतात. चेंडू खुळखुळतो आणि त्या आवाजावरून फलंदाज त्याचा वेध घेतो. या खेळाची पहिली विश्वचषक स्पर्धा १९९८ साली दिल्लीत झाली. त्याच शहरात डॉ. उमा तुली यांनी १९८१ साली अमर ज्योती ही संस्था स्थापन केली. तिच्या शाळेत अपंग व इतर मुलांना समान संख्येने एकत्र शिकविण्याचा प्रघात पडला.

२०१६ च्या कायद्याने मान्यताप्राप्त शाळांवर अपंग मुलांना खेळ व मनोरंजनाची समान संधी देण्याचे बंधन घातले आहे. परंतु कायदा मैदानात जागा देऊ शकतो, सवंगडी देऊ शकत नाही. तो मुलांना एकमेकांतच मिळावा लागतो. शिबिर चालविणाऱ्यांनी एवढेच पाहावे, की गुण मांडण्याची पाळी सर्वांवर येईल आणि खेळण्याचीही.